घरातला समुद्र किती उंच असावा?

मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या महामार्गाने ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांच्या गाडीने अच्छाड हे गाव ओलांडलेच असेल. मात्र तेथे उतरून चार घटका बसलेले थोडेच. तलासरी तालुक्याचे हे अगदी टोक. महाराष्ट्र संपायला आलेला, गुजरात सुरू व्हायचा, आणि मध्ये हे गाव. ट्रकांची वर्दळ, लहानमोठे कारखाने, रस्त्याकडेची हॉटेले असा सगळा थाट. समुद्र इथून दिसत नाही. तो पश्चिमेला, झाईच्या किनाऱ्यावर.

या अच्छाडला आमचे एक स्नेही राहतात. धंदा बरा चालतो, घर नवे दुमजली बांधलेले. एकदा मुलाबाळांना घेऊन ते अहमदाबादच्या सायन्स सिटीत गेले. तिथे २०२१ साली मोठे मत्स्यालय उघडले आहे आणि त्यात अठ्ठावीस मीटर लांबीचे पारदर्शक भुयार आहे. आपण चालत राहायचे आणि डोक्यावरून शार्क मासे पोहत जायचे. आमच्या मुंबईलाही मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले होते, आणि २०१५ च्या नूतनीकरणात तिथे बारा फुटांचे असेच भुयार बसवले गेले. म्हणजे या महामार्गाच्या दोन्ही टोकांना माणसांनी समुद्र घरात आणून दाखवला. मग मधल्या अच्छाडकराने का मागे राहावे? स्नेह्यांनी परतल्यावर ठरवले की माडीवरच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी करायची. आत खडक, रंगीत मासे, सगळा प्रवाळाच्या बेटासारखा देखावा. टाकी अॅक्रिलिकची, चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच. "मास्तर, आरशासारखी भिंतीला उभी दिसली पाहिजे," असे मला म्हणाले.

त्यांच्या आई शेजारीच बसल्या होत्या. माडीवरच्या त्या दिवाणखान्याच्या बरोब्बर खाली त्यांची खोली. त्या म्हणाल्या, "अरे, समुद्र आणायचा तो माझ्या डोक्यावर कशाला?"

श्रोतेहो, म्हातारीचा हा प्रश्न थट्टेचा वाटला तरी सगळ्या विषयाचे मर्म त्यात आहे. टाकी किती मोठी घ्यावी आणि कशाची घ्यावी, याचा विचार करताना लोक आधी भाव विचारतात, मग रूप पाहतात. खरे म्हणजे सर्वांत आधी विचारायची ती उंची. उंची ठरली की भिंतीची जाडी ठरते, सांध्याची ताकद ठरते, जमिनीवरचा भार ठरतो, उजेड तळाशी पोचेल की नाही हे ठरते, आणि माशांना श्वास पुरेल की नाही हेही बऱ्याच अंशी ठरते. ते कसे, ते आज पाहू.

आपल्या भागातलीच गोष्ट घ्या. दापचरीजवळचे कुर्झे धरण आपण पाहिले असेल. कोणत्याही धरणाचा बांध पायथ्याशी रुंद आणि माथ्याकडे निमुळता असतो. असे का? तर पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढत जातो. मागे पाणी एक मैल पसरले आहे की दहा मैल, याच्याशी बांधाला कर्तव्य नसते. पाणी किती खोल आहे एवढेच तो विचारतो. घरातल्या टाकीचेही तेच. टाकी लांब केली म्हणून तळाशी दाब वाढत नाही; उंच केली की वाढतो.

थोडा हिशेब करू. एक घनफूट समुद्राच्या पाण्याचे वजन सुमारे एकोणतीस किलो भरते. आमच्या स्नेह्यांची टाकी ४ × २ × ४, म्हणजे बत्तीस घनफूट. पाण्याचेच वजन झाले सव्वानऊशे किलोच्या वर. तिच्याऐवजी सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोनच फूट उंच अशी टाकी घेतली तर ती होते तीस घनफूट, वजन आठशे सत्तर किलो. म्हणजे पाणी दोन्हींत जवळजवळ सारखेच, साडेआठशे ते नऊशे लिटर. पण आता समोरच्या भिंतीवर पाणी किती जोराने रेटते ते पाहा. चार फूट उंच टाकीत सरासरी खोली दोन फूट, भिंत सोळा चौरस फुटांची. रेटा होतो सुमारे नऊशे अठ्ठावीस किलो. दोन फूट उंच टाकीत सरासरी खोली एक फूट, भिंत बारा चौरस फुटांची. रेटा होतो तीनशे अठ्ठेचाळीस किलो. पाणी तेवढेच, पण उंच टाकीच्या भिंतीला पावणेतीनपट जोर सोसावा लागतो. आणि भिंतीच्या एकेका फूट लांबीचा हिशेब केला तर तो चौपट. उंची दुप्पट केली की रेटा चौपट होतो, हे सूत्र पक्के लक्षात ठेवावे.

हा रेटा दिवसा आहे आणि रात्री नाही, असे नसते. टाकी भरली त्या क्षणापासून ती रिकामी होईपर्यंत, वर्षानुवर्षे तो चालूच असतो. इथे अॅक्रिलिकची गोष्ट येते.

अॅक्रिलिक म्हणजे काचेसारखे दिसणारे एक प्लॅस्टिक. १९३० नंतरच्या काही वर्षांत जर्मनीत आणि इंग्लंडात ते बाजारात आले. जर्मनीतल्या ओटो रोम यांच्या कारखान्याचे 'प्लेक्सिग्लास' हे नाव १९३३ सालचे. दुसऱ्या महायुद्धात विमानचालकाच्या डोक्यावरचे पारदर्शक छत त्याचे केले जाई, कारण ते हलके, वाकवता येणारे आणि काचेसारखे ठिकऱ्या न उडणारे. पुढे मोठ्या मत्स्यालयांनी ते उचलले. जपानमध्ये ओकिनावा बेटावर चुराउमी नावाचे मत्स्यालय २००२ साली उघडले. त्याच्या मुख्य टाकीची खिडकी साडेबावीस मीटर रुंद, आठ मीटरांहून उंच आणि साठ सेंटिमीटर जाड आहे. दोन फूट जाडीच्या त्या भिंतीतून देवमाशासारखा दिसणारा व्हेल शार्क स्वच्छ दिसतो. साध्या काचेची तेवढी जाडी केली असती तर मासे हिरवे दिसले असते. काचेत लोखंडाचा अंश असतो. बाजूने पाहिलेली काच हिरवट दिसते ती त्यामुळे. अॅक्रिलिक कितीही जाड केले तरी जवळजवळ वर्णहीन राहते. त्याच्या पत्र्यांचे थर एकमेकांना जोडून हवी तेवढी जाडी करता येते, आणि सांधा दिसतही नाही.

मग अॅक्रिलिक काचेपेक्षा सरस म्हणायचे का? तसे सरसकट म्हणता येत नाही. गुण पाहू, दोषही पाहू.

पहिला गुण वजनाचा. त्याच आकाराच्या काचेच्या तुलनेत अॅक्रिलिक निम्म्याहून कमी वजनाचे. दुसरा गुण आघात सोसण्याचा. मुलाचा चेंडू लागला, खुर्चीचा पाय लागला, तर काच तडकते; अॅक्रिलिक कित्येकपट अधिक आघात सोसते. तिसरा गुण उष्णतेचा. काचेच्या मानाने ते उष्णता फार कमी वाहू देते, म्हणून बाहेरच्या उन्हाळ्याचा परिणाम आतल्या पाण्यावर हळू होतो. आणि चौथा, त्याला भोक पाडणे, गोलाई देणे सोपे जाते.

आता दोष. अॅक्रिलिकवर ओरखडे फार लवकर उठतात. खाऱ्या पाण्याच्या टाकीत भिंतीवर चुन्यासारखे कठीण, गुलाबी शेवाळ धरते. ते खरवडताना पुसणीखाली वाळूचा एक कण सापडला की झाली रेघ. समुद्री साळू नावाचा काटेरी प्राणी पुष्कळ लोक शेवाळ खाण्यासाठी ठेवतात. तोसुद्धा दातांनी अॅक्रिलिकवर नक्षी काढतो. ओरखडा घासून, पॉलिश करून काढता येतो हे खरे, पण आतल्या बाजूचा काढायचा तर टाकी रिकामी करावी लागते. दुसरे म्हणजे स्पिरिट किंवा अमोनिया असलेले काच पुसायचे औषध अॅक्रिलिकला लावायचे नाही. ताणाखाली असलेल्या पत्र्याला ते लागले की आत बारीक केसासारख्या भेगांचे जाळे पडते. घरातल्या नोकरमाणसाला हे सांगून ठेवावे लागते, कारण बाटलीवर 'काचेसाठी' असे लिहिलेले असते आणि टाकी तर काचेचीच दिसते.

तिसरा दोष सर्वांत महत्त्वाचा. अॅक्रिलिक वाकते. सारख्या जाडीच्या काचेपेक्षा ते वीस-पंचवीसपट लवचीक असते. म्हणून त्याच उंचीला अॅक्रिलिक काचेहून जाड घ्यावे लागते, आणि हलकेपणाचा फायदा थोडा तिथेच खर्ची पडतो. शिवाय या द्रव्याची एक खोड आहे. घटकाभर ओढले तर ते मोठा ताण सहन करते. पण तोच ताण वर्षानुवर्षे ठेवला तर हळूहळू सरकत, ताणत जाते. म्हणून जाणते कारागीर त्याची जेवढी ताकद कागदावर लिहिलेली असते तिच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच तिच्यावर कायमचा भार टाकतात. स्वस्तात टाकी देणारा नेमकी इथेच काटकसर करतो. पातळ पत्रा लावतो. पहिल्या दिवशी टाकी उभी राहते, पहिल्या महिन्यात राहते, आणि दोन-तीन वर्षांनी मधोमध पोट सुटलेले दिसते.

साधारण अंदाज हवा असेल तर असा धरावा. उंची दीड फूट असेल तर अॅक्रिलिक अर्धा इंच, म्हणजे बारा मिलिमीटर. दोन फुटांना पाऊण इंच, म्हणजे एकोणीस. अडीच फुटांना एक इंच, म्हणजे पंचवीस. त्यापुढे चढत्या उंचीला अंदाज न लावता हिशेबनीसाकडून, म्हणजे स्थापत्याच्या जाणकाराकडून, गणित करून घ्यावे. आणि टाकीच्या माथ्यावर चारी बाजूंनी आत वळलेली पट्टी हवी. मोठ्या टाकीला माथ्यावर पूर्ण पत्रा बसवून त्यात हात घालायला झरोके कापतात. या झरोक्यांचे कोपरे गोल असावेत. चौकोनी तीक्ष्ण कोपरा असला की भेग तिथूनच निघते. जुन्या शिवणाऱ्या बायका कापडाची फाट गोल का करतात, त्याचेच हे दुसरे रूप.

पत्रा घेताना आणखी एक चौकशी करावी. बाजारात दोन तऱ्हेचे पत्रे मिळतात. एक साच्यात ओतून तयार केलेला, त्याला दुकानदार 'कास्ट' म्हणतात. दुसरा यंत्रातून दाबून काढलेला, त्याला 'एक्स्ट्रुडेड' म्हणतात. दुसरा स्वस्त, पण भोक पाडताना वितळून चिकटतो, आणि सांध्याच्या द्रावणाने त्याला भेगा लवकर जातात. पाण्याच्या टाकीला पहिलाच घ्यावा. मात्र ओतीव पत्र्याची जाडी सगळीकडे नेमकी सारखी नसते, म्हणून कापण्यापूर्वी चार ठिकाणी मोजून घ्यावा.

सांध्याची गोष्ट तर सगळ्यांत नाजूक. अॅक्रिलिकचा सांधा चिकटवलेला नसतो. तो विरघळवून एकजीव केलेला असतो. दुकानाच्या पाट्या आणि खोकी करणारे कारागीर दोन पत्रे टेकवून फटीत क्लोरोफॉर्मसारखे पातळ द्रावण सोडतात. ते धावत जाते, पत्र्यांचे काठ मऊ होतात आणि जुळतात. पाटीला हे पुरते. शेकडो किलोंचा रेटा सोसणाऱ्या मोठ्या टाकीला मात्र दोन भाग मिसळून घट्ट होणारे, अॅक्रिलिकच्याच जातीचे द्रव्य फटीत भरावे लागते, आणि मग उत्तम कारखान्यांत सबंध टाकी भट्टीत सुमारे ऐंशी अंशांपर्यंत तापवून हळूहळू थंड करतात. त्यामुळे कापताना, वाकवताना आत राहिलेला ताण निघून जातो. सांधा पाहायचा कसा? बाजूने दिवा धरावा. सांधा स्वच्छ, बुडबुड्यांविना दिसला पाहिजे. पांढरा धुरकट पट्टा किंवा बुडबुड्यांची माळ दिसली तर भाव कितीही कमी असो, ती टाकी घेऊ नये. आणि काचेच्या टाकीला लावतात ते सिलिकॉन अॅक्रिलिकला नीट धरत नाही, म्हणून गळणारा अॅक्रिलिकचा सांधा सिलिकॉनने बुजवून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

सांध्याचे आणि ताणाचे महत्त्व जगाला पटले ते बर्लिनमध्ये. तिथे एका हॉटेलच्या दिवाणखान्यात पंधराएक मीटर उंचीचे अॅक्रिलिकचे दंडगोलाकार मत्स्यालय होते. पाणी सुमारे दहा लाख लिटर, मासे दीड हजारांच्या घरात. १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे ते एकाएकी फुटले. पाणी हॉटेलातून रस्त्यावर आले, बहुतेक मासे मेले, दोघांना दुखापत झाली. पहाटेची वेळ म्हणून दिवाणखाना रिकामा होता, एवढेच नशीब. तपासणाऱ्या तज्ज्ञाने तीन शक्यता सांगितल्या: सांधा सुटला असेल, तळाशी एखादी खाच पडलेली असेल, किंवा दुरुस्तीच्या वेळी टाकी फार काळ कोरडी राहून पत्र्यात दोष आला असेल. नक्की एकच कारण सिद्ध झाले नाही. पण तिन्ही शक्यता आपल्या कामाच्या आहेत. सांधा पाहा, तळाला खाच पडू देऊ नका, आणि अॅक्रिलिकची टाकी महिनेन् महिने कोरडी ठेवून मग एकदम भरू नका.

आता डहाणू-तलासरीच्या माणसाने आणखी एका गोष्टीचा विचार केलाच पाहिजे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर एका दिवसात कितीतरी धक्के बसले, त्यांतला मोठा चारांहून अधिक तीव्रतेचा. लोक थंडीत घराबाहेर तंबूंत झोपले. अशा भागात हजार किलो पाणी उंच आणि अरुंद पेटीत, तेही माडीवर ठेवायचे म्हणजे काय, याची कल्पना करा. घर हलले की पाणी हिंदकळते, एका भिंतीवरून दुसरीवर आदळते. अरुंद बैठक आणि उंच शरीर असलेली वस्तू कलंडायला सोपी. पाण्याची घागर आणि परात यांतली कोणती आधी लवंडेल, हे लहान मूलही सांगेल. इथे अॅक्रिलिकचा चिवटपणा कामाला येतो, हे मान्य. पण चिवट पेटीसुद्धा कलंडू नये यासाठी बैठक रुंद हवी, स्टँड भिंतीला आणि जमिनीला पक्के बांधलेले हवे, आणि पाण्याची पातळी काठापासून तीन-चार बोटे खाली हवी.

माडीवरच्या भाराचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. राहत्या घरांच्या जमिनीवर माणसे, सामान वगैरेंसाठी जो भार धरून आपल्याकडे आराखडा करतात, तो चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो, म्हणजे चौरस फुटाला एकोणीस किलोंच्या आसपास. स्नेह्यांच्या चार फुटी टाकीचा भार नुसत्या पाण्याने चौरस फुटाला एकशे सोळा किलो, म्हणजे सहापट! सहा फुटी बुटक्या टाकीचा अठ्ठावन्न, म्हणजे तिप्पट. बैठक दुप्पट रुंदावली की भार निम्मा झाला. तरी तिप्पट तो तिप्पटच. यात खडक, वाळू, टाकी आणि स्टँड धरलेलेच नाहीत. टाकी थोड्या जागेवर उभी असते आणि भार आजूबाजूच्या स्लॅबला वाटला जातो, म्हणून प्रत्येक घर कोसळते असे नव्हे. पण माडीवर मोठी टाकी ठेवण्यापूर्वी अभियंत्याला घर दाखवल्याशिवाय पाऊल टाकू नये. शक्यतो तळमजलाच बरा. आणि माडी सोडवत नसेल तर बीमच्या वर, भिंतीलगत. म्हातारीचा प्रश्न आता तुम्हाला थट्टेचा वाटणार नाही.

हे झाले घराचे. आतल्या जिवांचे काय म्हणणे आहे? त्यांचाही कौल बुटक्या, पसरट टाकीलाच पडतो. पाण्यात प्राणवायू शिरतो तो पृष्ठभागातून. चार फुटी टाकीचा पृष्ठभाग आठ चौरस फूट, सहा फुटीचा पंधरा. समुद्राचे पाणी ऊन झाले की त्यात प्राणवायू आधीच कमी मावतो. त्यात पावसाळ्यात वीज गेली, पंप थांबला, तर गच्च भरलेल्या टाकीतले मासे काही तासांत गुदमरतात. म्हणून पृष्ठभाग मोठा हवा, आणि बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप हाताशी हवा. उजेडाचेही तसेच. उथळ पाण्यातल्या जिवांना तळापर्यंत भरपूर प्रकाश लागतो. चार फूट पाण्यातून तो पोचवायला दिवे मोठे, विजेचे बिल मोठे, आणि दिव्यांच्या उष्णतेने पाणी आणखी तापते. पाणी चोवीस ते सत्तावीस अंशांच्या दरम्यान राखायचे असते. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात त्यासाठी पाणी थंड करणारे यंत्र लागतेच.

आणि शेवटी माणसाचा हात. खांद्यापासून बोटांपर्यंत आपला हात सुमारे दोन-सव्वादोन फूट लांब. दोन फूट उंच टाकीचा तळ हाताला लागतो. चार फुटी टाकीच्या तळाशी मासा मेला, खडक सरकला, तर काय करणार? चिमट्याच्या काठ्या, नाहीतर डोके बुडवून पोहायला उतरायचे! ज्या टाकीच्या तळाला हात पोचत नाही ती टाकी कधी स्वच्छ राहत नाही, एवढे मी अनुभवाने सांगतो.

मासे पोहतात ते आडवे. सर्जनफिशसारख्या धावऱ्या माशांना पाच-सहा फूट लांबी मिळाली तरच ते निरोगी राहतात. उंचीचा त्यांना काही उपयोग नाही. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश मात्र घरकोंबडा. तो आपला कोपरा धरून बसतो. आपल्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने त्याची पैदास हौदात करून दाखवली आहे, तेव्हा समुद्रातून ओरबाडून आणलेल्यापेक्षा हौदात वाढलेला मागून घ्यावा. तो टाकीच्या पाण्याला, कोरड्या खाद्याला आधीच सरावलेला असतो.

प्रवाळांबद्दल मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. खडक रचणारे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली स्थान मिळाले. वाघाला जे संरक्षण तेच यांना. समुद्रातून ते काढणे, विकणे, घरी ठेवणे गुन्हा आहे. 'परदेशातून आलेले आहे' असे कोणी सांगितले तर कागद मागावा, आणि कागद नसेल तर नमस्कार करून बाहेर पडावे. मुंबईत किनारी रस्ता बांधताना वरळी आणि हाजीअली येथे जे थोडे प्रवाळ सापडले, तेही २०२० साली काळजीपूर्वक उचलून दुसरीकडे नेऊन बसवावे लागले. मग दिवाणखान्याच्या शोभेसाठी आपण ते तोडावे काय? कारागिरांनी केलेल्या कृत्रिम खडकांवर गुलाबी शेवाळ चढले की तोच देखावा वर्षभरात तयार होतो, फक्त धीर धरावा लागतो.

पाण्याबद्दलही दोन शब्द. झाईचे पाणी जवळ आहे म्हणून पिंपे भरून आणू नयेत. आपल्या किनाऱ्याचे पाणी गढूळ. त्यात गाळ, आणि पावसाळ्यात नदीनाल्यांचे गोडे पाणी मिसळलेले. गाळून शुद्ध केलेल्या गोड्या पाण्यात तयार सागरी मीठ लिटरला पस्तीस ग्रॅमच्या आसपास मिसळावे, हे बरे. रोज जे पाणी उडून जाते ते मात्र गोडे असते, मीठ मागे राहते. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच घालायची. स्टँडला उघडे लोखंड नको, नळीला तांबे-पितळ नको. लोखंड खाऱ्या हवेने गंजते, आणि तांब्याचा अंश पाण्यात उतरला की कोळंबी-शंखांसारखे जीव मरतात.

मग काच घ्यावी की अॅक्रिलिक? माझे मत असे. सहा फुटांपर्यंत लांब आणि दोन फुटांपर्यंत उंच, सरळ चौकोनी टाकी तळमजल्यावर ठेवायची असेल, तर लोखंडाचा अंश कमी असलेली स्वच्छ काच उत्तम. ओरखडे पडत नाहीत आणि खर्च कमी. टाकी त्याहून मोठी असेल, गोलाईची असेल, घरात धावती मुले असतील, किंवा जमीन हलण्याची सवय असलेला आमच्यासारखा भाग असेल, तर ओतीव अॅक्रिलिक घ्यावे. पण जाडीत आणि सांध्यात पै न वाचवता. अॅक्रिलिकच्या तळाखाली सबंध सपाट आधार हवा. जाड प्लायवूड, पाणसळ लावून चहूबाजूंनी तपासलेले, त्यावर फोमचा पातळ थर. खाली एक खडा राहिला तर बर्लिनच्या तज्ज्ञाने सांगितलेली खाच आपल्याच घरी तयार होते.

आमच्या स्नेह्यांनी कागदावर हा सगळा हिशेब पाहिला आणि थोडा वेळ गप्प बसले. उंच आरसा हातचा गेला याचे त्यांना वाईट वाटले, ते त्यांनी लपवले नाही. शेवटी टाकी आली ती सहा फूट लांब, अडीच रुंद आणि दोन फूट उंच. पाऊण इंची ओतीव अॅक्रिलिकची, आणि तळमजल्यावर. आणल्या आणल्या मासे सोडले नाहीत. साध्या पाण्याने भरून पंधरा दिवस तशीच ठेवली, रोज सांध्यांना कोरडा कागद लावून पाहिला, भिंतीचा फुगवटा दोऱ्याने मोजून वहीत लिहिला. पंधरा दिवसांत आकडा बदलला नाही, तेव्हा पाणी काढून मीठ घातले. मग खडक आले, आणि दीड-दोन महिन्यांनी, पाणी मुरल्यावर, पहिले दोन मासे.

टाकी आता आईंच्या खोलीच्या दाराशेजारी आहे. मागे गेलो होतो तेव्हा त्या तिच्यासमोर खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी विचारले, "काय आई, समुद्र डोक्यावरून उतरला ना?" तर म्हणाल्या, "उतरला, पण आता त्याची राखण मलाच लावलीय. वीज गेली की तो हवेचा पंप मी चालू करते."

तेव्हा श्रोतेहो, ज्यांना घरात असा समुद्र आणायची हौस आहे त्यांनी दुकानात पाऊल ठेवण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. माझा हात तळाला पोचेल का? हा भार कोणाच्या डोक्यावर येणार आहे? आणि वीज गेली तर घरात जागे कोण असेल? या तिन्हींची उत्तरे हाती आली की टाकीची उंची आपोआप ठरते. आणि उंची ठरली की काच की अॅक्रिलिक, पाऊण इंच की एक, हे सांगायला मग चांगला कारागीर पुरतो.